रिलीव्हर आल्याशिवाय

बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसणाऱ्या एका मावशीनं एकदा आमच्या सरांना हाक मारली. "दादा, जरा पाटीकडं बगशील काय? पोरीला गाडीत बसवून येते." सर बरं म्हणाले आणि पाटीमागे जाऊन उभे राहिले. मावशी गेली ती गेलीच. गाडी उशिरा आली, मग स्टेशनवर कुणी माहेरचं भेटलं, मग चहा झाला. इकडे सर बोंबील आणि सोडे राखत उभे. गिऱ्हाइकं यायला लागली. सरांना भाव ठाऊक नव्हता, आणि आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणं त्यांना जमत नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणेल त्या भावानं सोडे जाऊ लागले. मावशी परतली तेव्हा पाटीचा तळ दिसत होता.

"आरं दादा, राखाला सांगितला व्हता तुला, वाटाला नाय," ती म्हणाली.

"तू भाव सांगून गेली नाय. हँडओव्हर अर्धाच दिला," सर म्हणाले. आणि चूक तिचीच आहे हे तिला नीट पटेपर्यंत समजावत बसले.

त्या दिवशी आम्ही क्लासच्या जिन्यावर ताटकळत होतो. आमच्यातला मनोज, ज्याचे वडील उत्तरेकडून इथे कंपनीत कामाला आले होते, तो बाजारातून बातमी घेऊन आला, "सर मछली बेच रहे हैं." कुणी हसलंसुद्धा नाही. सर कुठेतरी उभे आहेत आणि त्यांची जागा घ्यायला अजून कुणी आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता आणि तो आम्हाला पाठ झाला होता.

सर म्हणजे कोण ते सांगते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. चालू प्लांटमध्ये शिफ्ट संपली म्हणून माणूस उठून घरी जात नाही. त्याच्या जागी बसणारा, म्हणजे त्याचा रिलीव्हर, यावा लागतो. त्यानं काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर नजर ठेवायची आहे ते समजून घ्यायचं आणि 'बरं, तू जा' म्हणायचं. मग पहिल्यानं खुर्ची सोडायची. रिलीव्हर आलाच नाही तर त्याचीही शिफ्ट आपणच करायची. बोईसरमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कारण बाबा अजून का आले नाहीत याचं उत्तर घरोघरी हेच असतं.

सर मात्र हा नियम कंपनीच्या गेटातून बाहेर घेऊन आले होते. लग्नाच्या हॉलमध्ये आपली खुर्ची रिकामी टाकून ते उठत नसत. कुणाच्या घरी कुणी वारलं म्हणून भेटायला गेले, तर पुढचा भेटणारा दारात दिसेपर्यंत बसून राहत. एका घरी त्यांच्यानंतर कुणी आलंच नाही. शेवटी घरच्यांनी त्यांचंही पान वाढलं. आम्ही यावरून त्यांची टिंगल करायचो. पुढे कधीतरी त्या घरातल्या बाई मला भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, त्या दिवसांत तेवढा एकच माणूस आमच्याकडे मनापासून बसला.

कंपनीत उत्पादनाचा हिशेब कॉम्प्युटरवर आला तेव्हा सरांना कंट्रोल रूममधून त्या खात्यात नेलं. तिथे ते सॉफ्टवेअर शिकले, पन्नाशीनंतर कंटेनर शिकले, क्युबरनेटीस शिकले, आणि मग नोकरी सोडून बाजाराजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर खोली घेऊन शिकवायला बसले. पूर्वी तिथे टायपिंगचा क्लास होता. पाटी तीच राहिली. मी त्या पाटीखालूनच आत शिरले आणि माझ्या आईला कितीतरी दिवस वाटत होतं की मी टायपिंग शिकतेय.

मी तेव्हा सालवडला भाड्याच्या घरात आईवडिलांबरोबर राहायची आणि एका कारखान्यात बिलं टाइप करायची. स्वभावानं मी तापट. माझा आवाज चढला की शेजारचे आपापली दारं लावून घेतात, असं आई अजून सांगते. जिथे अर्ज करावा तिथे विचारायचे, कंटेनरचं काम येतं का. मला कंटेनर म्हणजे तारापूर रोडवर आडवे अडकून पडणारे लांबलचक ट्रेलर तेवढे माहीत. सगळ्यांवर चिडून मी सरांकडे गेले आणि त्यांच्यावरही चिडूनच विचारलं, की हे कंटेनर म्हणजे आहे तरी काय.

सर कंट्रोल रूमशेजारच्या कंप्रेसरजवळ वर्षं काढल्यामुळे कानानं मंद झाले होते आणि म्हणून ओरडून बोलायचे. ते ओरडले, "डबा आणलाय काय?"

कामावरून थेट गेले होते, त्यामुळे डबा होता. सरांनी तो सगळ्यांसमोर उघडला. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, लोणचं, कागदाच्या पुडीत मीठ.

"आज हिच्या कंपनीची कँटीन बंद असली, तर हिला फरक पडतो काय? नाय. मीठसुद्धा डब्यात हाय. कुटंपण जाऊन बस, उगड आन् जेव. कंटेनर म्हंजे ह्योच. प्रोग्रॅमला जे काय लागतं ते सगळं डब्यात भरलेलं. मशीन कंच्यापण घरची असो."

"एवढंच?" मी म्हणाले.

"एक डबा असला तर एवढंच. पन दोनशे डबे झाले, आन् कोन कुटं बसनार, कुनाचा सांडला, कुनाला जागा नाय, हे कुनी बगायचं? त्याला शिफ्ट इन-चार्ज लागतो. तो म्हंजे क्युबरनेटीस. त्याला फकस्त सांगायचं, माला चार पायजेत. कंचे चार ते सांगायचं नाय. एक पडला की तो दुसरा उबा करतो. गर्दी झाली की चाराचे आट करतो, गर्दी ओसरली की परत चार." एवढं सांगेपर्यंत त्यांनी माझं अर्धं लोणचं संपवलं होतं.

सरांची हजेरी घ्यायची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ते प्रत्येकाला दोन प्रश्न विचारत. आलीस? तयार हायस? पहिल्याचं उत्तर बसलेल्या माणसानं काय देणार, 'आले.' दुसऱ्याला मात्र 'नाही' म्हणायची मुभा होती. "आलेय सर, तयार नाही," असं म्हटलं की सर मान हलवून पुढच्याकडे वळत, आणि त्या दिवशी आपल्याला काहीही विचारत नसत. बसायचं, ऐकायचं, नाहीतर खिडकीतून खाली रिक्षा बघायच्या. क्युबरनेटीसही आपल्या डब्यांना हे दोन प्रश्न सारखे विचारत असतं. पहिल्याला उत्तर आलं नाही तर डबा मोडून नवा मांडतं. दुसऱ्याला 'नाही' आलं तर मोडत नाही. नुसतं त्याच्याकडे काम पाठवायचं थांबवतं आणि परत विचारतं. "जिता असनं येगळं आन् तयार असनं येगळं," सर म्हणायचे, "ह्ये मशीनला कळतं, आमच्या मॅनेजरला कदी कळलं नाय."

मी क्लासला लागले त्याच सुमाराला वडिलांची कंपनी बंद पडली. घरात ते आणि मी दोघंही तापट, आई मध्ये. मी रोज संध्याकाळी भांडून क्लासला यायची आणि म्हणायची, आलेय, तयार नाही. असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक. सरांनी एकदाही 'का' विचारलं नाही. मग एका संध्याकाळी मी माझ्याही नकळत 'तयार' म्हणून गेले, आणि सरांनी पुढच्याच क्षणाला खडू माझ्या हातात दिला. नंतर मी बऱ्याच ठिकाणी काम केलं, चांगली माणसंही भेटली. पण आलेय आणि तयार नाही असं सरळ सांगता येईल अशी खोली मला दुसरी मिळालेली नाही, आणि ती मला अजून हवी असते.

खोलीत कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून आणलेले तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवले होते. सर बोलता बोलता येरझारा घालायचे आणि मध्येच, काही न सांगता, त्यातल्या एकाचा प्लग उपटायचे. आमचं सगळं काम त्यावर चालू असायचं. पहिल्यांदा मी किंचाळले. सर प्लग हातात धरून बाकीच्या दोन पडद्यांकडे बघत उभे. पडलेल्या मशीनवरचे डबे हळूहळू त्या दोघांवर उभे राहिले, आणि सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मला शिव्या आवरत्या घ्याव्या लागल्या. पुढे पुढे आम्हीही निर्ढावलो. प्लग उपटला की कुणीतरी न बघताच म्हणायचं, "सर, दोन नंबर गेला."

शिकायला खरं काहीतरी चालवून बघायला हवं म्हणून सरांनी आमच्याकडून शिफ्टच्या बसेसचं ॲप करून घेतलं होतं. कंपनीची बस आता कुठे पोचली, एवढंच ते सांगायचं. दिवसभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, आणि शिफ्ट बदलायच्या वेळेला सगळं बोईसर एकदम बघे. त्यामुळे गर्दी वाढली की ॲपच्या प्रती, म्हणजे तेच डबे, वाढवायच्या, हे आम्हाला आपोआप शिकायला लागलं. ते काम मनोजकडे होतं.

नवी प्रत उठली की तिला बसचे सगळे मार्ग वाचून घ्यायला थोडा वेळ लागायचा. तोवर 'तयार आहेस का' या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणायची आणि मनोजच्या पडद्यावर लाल रंग यायचा. मनोजला ते लाल बघवेना. त्यानं तपासणीच्या जागी सरळ 'हो' लिहून टाकलं. काहीही विचारा, उत्तर हो. सगळा पडदा हिरवागार झाला, मनोजनं जिलेबी आणली, आम्ही खाल्ली. दुपारची शिफ्ट बदलली आणि गर्दी आली. नव्या प्रती भराभर उठल्या, रिकाम्या डोक्यानं 'हो, तयार' म्हणाल्या आणि माणसं त्यांच्याकडे गेली. प्रत्येकाला कोरं पान दिसलं. कुणी बस गेली समजून रिक्षा केली, कुणी चालत निघालं. चालत निघालेल्यांत मनोजचे वडीलही होते, भर उन्हात.

सरांनी सगळं तपासलं. रागावले नाहीत. मनोजला समोर बसवून विचारलं, "तुजे बाबा कंपनीत कार्ड पंच करतात?"

"जी सर."

"कदी दोस्ताचं कार्ड पंच केलं त्यांनी? तो मागनं येतोय म्हनून?"

 आमच्यात एकही घर नव्हतं जिथे हे कुणी केलं नव्हतं. दोस्ताला उशीर होतोय, आपण त्याचं कार्ड मशीनमध्ये सारतो. मशीन म्हणतं माणूस हजर, आणि जाग्यावर बघावं तर खुर्ची रिकामी. मनोजनं आयुष्यभर पाहिलेली मदतच त्या प्रतींना केली होती.

"सर, सब करते हैं," तो पुटपुटला.

"सगळे करतात. मीपन केलंय. पन त्या खुर्चीच्या भरवशावर कुनीतरी घरी निगून गेलेला असतो, मनोज." मग त्यांनी त्याला शिक्षा दिली. ॲप नीट होईपर्यंत शिफ्ट बदलताना बसस्टॉपवर उभं राहायचं आणि बस कुठे आहे ते तोंडानं सांगायचं. मनोज रोज ड्रायव्हरचा फोन कानाला लावून ओरडायचा, "भैया, नवापूर नाके पे है, आ रही है." लोकांना ते इतकं आवडलं की ॲप नीट झाल्यावरही ते त्यालाच शोधायचे.

सरांच्या या नियमाला आम्ही हसायचो, पण त्या नियमानं त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं होतं. डहाणूकडे समुद्राजवळच्या एका गावात त्यांचं घर होतं, चिकूची वाडी होती. घरात वडील, त्यांना सर आबा म्हणायचे. आबांची आठवण पुसत चालली होती. उठून वाट फुटेल तिकडे चालायला लागायचे, त्यामुळे कुणीतरी सतत जवळ लागायचं. तिथे सरांची मोठी बहीण एकटीच होती. ताईंनी लग्न केलं नव्हतं. सर रविवारी जायचे, तेवढाच ताईंना मोकळा दिवस. त्या दिवशी त्या एसटीनं पालघरला जायच्या, दुकानं बघत हिंडायच्या, काही घ्यायच्या नाहीत, एक डोसा खायच्या आणि अंधार पडायच्या आत परत यायच्या.

"तिकडं ताई डबल शिफ्टवर हाय," सर म्हणायचे. "तिचा रिलीव्हर मी. माजा रिलीव्हर कोन, ते बगतोय."

"मग क्लास बंद करा आणि जा," मी म्हणायची.

"चालू प्लांट सोडून जातात काय कदी?"

"सर, हा प्लांट नाही. ही हार्डवेअरच्या दुकानावरची खोली आहे."

सर हसायचे, पण जायचे नाहीत. पोरं शिकायला येतायत तोवर खुर्ची रिकामी सोडायची नाही, आणि तिकडे बहिणीला तर सोडवायला हवं, असं ते मध्ये लोंबकळत होते. रोज क्लास चालू असताना ताईंचा फोन यायचा. सरांना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे तो सगळ्या क्लासचाच फोन होता.

"भाऊ, गावला काय कोन?"

"नाय अजून."

"बरं." आणि फोन बंद. ताई याच्यापुढे एक शब्द बोलत नसत. त्यांनी एकदा तरी भांडावं असं मला वाटायचं, मी असते तर भांडले असते.

मग रिलीव्हर म्हणून सरांनी मला धरलं. एखादं वाक्य अर्ध्यावर आणून सोडायचे, माझ्याकडे बोट करायचे आणि खाली बसायचे. मी उठून ते वाक्य पुढे न्यायचं. सुरुवातीला तंतरायची. नंतर वाक्य कुठे सुटणार हे मला आधीच कळायला लागलं. त्यांची उदाहरणं माझ्या तोंडात बसली, मग माझी स्वतःची आली. शेवटी शेवटी अर्धा क्लास मीच घ्यायची. सर मागे बसून ऐकायचे. आणि ताईंचा फोन आला की तरीही म्हणायचे, "नाय अजून."

"सर, मी अजून तयार नाही?" मी एकदा भडकून विचारलं.

"हायस. पन तू लई फास बोलतेस."

मी सावकाश बोलायला शिकले. मग त्यांना माझं फळ्यावरचं अक्षर बारीक वाटलं. मग, कुणी तीच शंका परत विचारली की माझ्या कपाळाला आठी पडते म्हणाले. पडायची, खोटं कशाला बोलू. रोज काहीतरी निघायचं. मला त्यांचा राग यायचा, आणि रागाच्या खाली, सर उद्याही इथेच असणार म्हणून बरंही वाटायचं.

एका दुपारच्या बॅचला जिना चढून एक बाई आल्या. साधी सुती साडी, हातात जड पिशवी. शेजारच्या सुनेला आबांजवळ बसवून ताई स्वतः आल्या होत्या. त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण "चालू दे" म्हटल्यावर आवाज ओळखला. सर अर्धवट उठले होते ते तसेच खाली बसले. ताई मागच्या बाकावर टेकल्या.

मी त्या वेळी चालू ॲप न थांबवता बदलायचं कसं ते शिकवत होते. नवी प्रत आधी उभी करायची. तिला विचारायचं. ती खरंच तयार असेल तर मगच जुनी एक काढायची. मग पुढची. गिऱ्हाइकाला कळतही नाही की आतली माणसं बदलली. एकानं तीच शंका तीनदा विचारली. मी तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा कपाळाला आठी पडणार नाही याची जिवापाड काळजी घेतली.

संपल्यावर ताईंनी माझ्याकडे न बघता सरांना विचारलं, "हीच काय ती?"

"हीच."

"येतंय हिला सगळं."

"येतंय."

"मंग अडलंय कुटं?"

सर टेबलावरचा खडू इकडून तिकडे सरकवत म्हणाले, "रोज कायतरी बारीकसारीक निगतं, ताई."

"भाऊ," ताई म्हणाल्या, "ती तयार हाय. तू तयार नाय."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं.  "माला घाई नाय," त्या पुढे म्हणाल्या, "आजवर बसली, आजून बसन. पन नाय गावला, नाय गावला असं माला सांगू नको. जीव निगत नाय म्हनून सांग. मी समजन." मग पिशवी उघडून त्यांनी सगळ्या क्लासला चिकू वाटले, मला दोन दिले, कुणाची मुलगी, कुठे राहते ते विचारलं आणि एसटी गाठायला निघून गेल्या. सर फळ्याकडे बघत बसले होते. फळ्यावर माझं अक्षर होतं. मग म्हणाले, "ठळक काडलंस आज."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हँडओव्हर दिला. काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर नजर ठेवायची. तीन नंबरच्या मशीनचा पंखा अडकतो, बाजूनं टिचकी मारायची. हार्डवेअरवाला दुकान लावताना जिन्याचा दिवा बंद करतो, त्याला आधी आठवण द्यायची. पालघरहून येते ती मुलगी हसते तेव्हा तिला काही कळलेलं नसतं. तो मुरबे गावचा मुलगा जेवून येत नाही, त्याच्यासमोर डब्याचं उदाहरण द्यायचं नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून यातलं निम्मंही पाहिलं नव्हतं.

सांगून झालं आणि सर उभे राहिले. गेले मात्र नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की ते वाक्य मी म्हणायचं आहे. मी म्हटल्याशिवाय ते जाणार नव्हते. दहा हत्तींचं बळ लावून मी ते म्हटलं, "बरं सर, तुम्ही जा." त्यांनी मान हलवली, दारातले सेफ्टी शूज पायात घातले आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर ते क्लासमध्ये आले नाहीत. सुटलेल्या माणसानं कंट्रोल रूमच्या पॅनलपाशी रेंगाळायचं नाही, असाही त्यांच्याकडे नियम होता. एका पॅनलवर दोघांचे हात पडले की घोटाळा होतो. फोनवर ते चिकूचं, आबांचं, ताईंचं सांगतात. क्लासचं काही विचारलं की म्हणतात, "शिफ्ट तुजी हाय." एकदा बसचं ॲप सकाळभर बंद पडलं. आता तरी सर येतील, अशी मला मनातून आशा वाटली. लगबगीनं फोन केला, तर म्हणाले, "बग तू," आणि मुगाचं बियाणं कुठे चांगलं मिळतं ते विचारायला लागले.

क्लास व्यवस्थित चालू आहे. मी सकाळी घरूनच एका कंपनीचं काम करते आणि संध्याकाळी शिकवते. मनोज पुण्याला मोठ्या पगारावर आहे. नव्या पोरांना सर ठाऊक नाहीत, आणि त्यांचं काहीही अडत नाही. चार प्रती हव्या होत्या, चार आहेत. हे असंच व्हायला हवं, हे मीच त्यांना फळ्यावर लिहून शिकवते. पण मला सर हवे आहेत. वाक्य अर्ध्यावर आलं की अजूनही मी क्षणभर थांबते, ते माझं वाक्य नसल्यासारखी.

गेल्या थंडीत न राहवून एका रविवारी मी त्यांच्या गावी गेले. मनात सगळं ठरवून गेले होते. शिफ्टला नको, पाहुणे म्हणून या, एका संध्याकाळपुरते या, मागच्या बाकावर बसा. ते नियमावर बोट ठेवतील तेव्हा काय म्हणायचं, तेही एसटीत तयार केलं होतं.

ताई घरी नव्हत्या. त्या आता कुठल्याही वारी जातात, पालघरच्या पुढेही जातात, असं सर कौतुकानं सांगत होते. सर अंगणात चटईवर बसून आबांची नखं काढत होते. अनवाणी, गुडघ्यापर्यंत पंचा, वाळलेले. आवाज तेवढाच मोठा. मला बघून त्यांना झालेला आनंद त्यांनी लपवला नाही. आबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर फाटकावर होती.

"पोरगा आला काय माजा?" आबांनी विचारलं.

"निगालाय, आबा," सर म्हणाले.

"कंपनीतून सुटला?"

"सुटला."

"मंग चा ठेव त्याला."

सर उठले, मी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवता ठेवता ते म्हणाले, "मी गडी हाय त्यांचा. चांगला गडी हाय म्हनतात. माजा पगार वाडव म्हनून ताईच्या मागं लागलेत."

"मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"सांगतो की. रोज सांगतो, आबा, मीच तो. म्हनतात, तू कोन सांगनारा, माजा पोरगा तारापूरला कंपनीत हाय, तो शिफ्ट सुटल्याबिगर कसा येईल." त्यांनी साखर घातली आणि चहा ढवळला. "पन कदीतरी कळंल त्यांना. एक मिनिट का होईना. त्या टायमाला मी हितं पायजे ना, पोरी."

मी हो म्हणाले. बोलवायला आले होते, ते बोलले नाही. ताई परत येईपर्यंत मी तिथेच बसले.

सरांनी चहा अंगणात आणला. आबांना दिला, मला दिला, आणि एक कप फाटकाच्या बाजूला स्टुलावर ठेवून त्यावर बशी झाकली. स्वतःसाठी आणला नाही. आबा घोट घेत एकदा फाटकाकडे आणि एकदा त्या झाकलेल्या कपाकडे बघत होते. हळूहळू त्यांची मान कलली आणि डोळा लागला. सरांनी त्यांच्या हातातला कप अलगद काढून घेतला, उशी सारखी केली. मग उठून स्टुलावरची बशी बाजूला केली आणि तो गार झालेला चहा उभ्याउभ्या पिऊन टाकला.